काकूंना माहीत नव्हतं

३ डिसें., मंगळ.
आज बागेतल्या हास्यक्लबात मिक्सर हास्य. हात गोल फिरवत, घर्रर्र करत हसायचं. शालनकाकूंनी मध्येच हात थांबवून जाहीर केलं, लाईट गेली. सगळा गोल खरोखरच फुटला, क्लबच्या सरांनाही आवरेना. मला मात्र क्लबात येऊन चार महिने झाले तरी उगाच हसताना चोरी केल्यासारखं होतं. काकू म्हणाल्या, "मने, हसायलाबी पुरावा लागतो का गं तुला?"
लागतो बहुतेक. शाळेच्या आधी आप्पांनी घरीच अक्षरं गिरवून घेतली, तेव्हापासूनचं आहे हे. खरं असेल तेवढंच लिही, म्हणायचे.
भोसरीत मैत्रीण म्हणावी अशी एकच, तीही आईच्या वयाची. चालेल.

५ डिसें., गुरु.
काकूंचे यजमान गेले. काल रात्री, चाकणला. मुलगा रवीदादा शाळेत असतानाच ते मायलेकांना इथे टाकून गेले आणि तिकडे दुसरा संसार थाटला. आमच्या गल्लीत आज सकाळी उशिरा कळलं, बागेतून परतल्यावर.
बागेत तर काकू सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. हसता हसता गवतावर बसल्या, मी हात धरून उठवलं. सरांनी रोजच्यासारखा व्हिडिओ ग्रुपवर टाकला.
कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर तो आठवला. सरांना फोन केला. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच काढला. पण ग्रुपमध्ये निम्मी काकूंच्या सासरचीच भावकी.

६ डिसें., शुक्र.
व्हिडिओ पोचला चाकणला. नवरा सरणावर आणि ही बागेत दात काढतीय, असं चाललंय. रवीदादाने तिकडे अग्नी दिला, मुंडण केलं, तेराव्यापर्यंत तिकडेच राहणार. आईचा फोन घेत नाही. एकुलता एक.
संध्याकाळी काकूंकडे गेले. भावकीतल्या बायका येतात, भिंतीकडे बघत बसतात, उठतात. काकूंनी मला चहा दिला. सुतकाच्या घरात घ्यावा की नाही? घेतला. गार होता.

८ डिसें., रवि.
राहवलं नाही. रवीदादाला फोन केला. त्याने उचलल्याबरोबर मी बोलत सुटले: मी शेजारीच उभी होते, काकूंना माहीत नव्हतं, माहीत असतं तर त्या आल्याच नसत्या.
"नक्की?" एवढंच विचारलं त्याने.
"नक्की."
फोन ठेवल्यापासून अस्वस्थ. कंपनीत गेज लावून माप तपासल्याशिवाय मी एकाही पार्टवर ओके मारत नाही. इथे काय लावलं? पण काकू तशा नाहीतच. नाहीतच.

१० डिसें., मंगळ.
त्याने आईला फोन केला. जेवलीस का विचारलं म्हणे, गोळ्या घेतेस का विचारलं. काकूंनी हे मला तीनदा सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. चेहरा उजळला होता. माझ्या फोनबद्दल बोलले नाही.
सकाळी क्लबात गोल अगदी लहान. भावकी सगळी सुतकात, उरलो आम्ही बाहेरचे. सरांनी सिंह हास्य घेतलं, जीभ बाहेर काढून. कुणाला जमेना.

१४ डिसें., शनि.
मेथी निवडत बसलो होतो. "रवीनं सांगितलं," काकू म्हणाल्या, "तू त्याला फोन केलास." मी मान हलवली. काकू काड्या मोडत राहिल्या. मग:
"त्यो गेल्याचं मला रातीच कळलं व्हतं. त्याच्या तिकडच्या पोरीनं फोन केला. रातभर बसून ऱ्हायले, रडायला म्हून यीना. सकाळी म्हनलं, हसायला तरी येतंय का बघावं."
मी उठले. भाजी धुवायला घेतली, एकदा धुतलेलीच पुन्हा.
"तू खोटं न्हाई बोललीस," त्या म्हणाल्या. "तुला जेवढं दिसलं तेवढं सांगितलंस."
पण तसं नाही ना. दिसलेलं मी सांगितलंच नाही, वाटलेलं सांगितलं. आणि आता तर मला माहीत आहे.

१५ डिसें., रवि.
झोप नाही. सांगितलं तर त्याचं मन पुन्हा उडेल. नाही सांगितलं तर तो आईशी बोलतोय ते माझ्या शब्दावर, आणि तो शब्द...
आप्पांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, गुपित कुणाचं आहे ते आधी बघ. ज्याचं त्याने सांगावं. मग चष्मा पुसत बसले. त्यांनी ओळखलं असावं.

१७ डिसें., मंगळ.
काल तेरावा झाला. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत रवीदादाचा फोन. आवाज थंड. तिकडची बहीण म्हणते, तुझ्या आईला मी रात्रीच कळवलं होतं. "मनीषा, तू तर नक्की म्हणाली होतीस."
मी म्हणाले, मला तसं वाटलं होतं. मी नक्की म्हणायला नको होतं. बाकीचं आईला विचार, ती सांगेल.
"म्हणजे तिला माहीत होतं?"
मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. त्याने फोन ठेवला. नंतर मेसेज: उद्या सकाळी बागेत येतो, घरी नको, घरी बायका असतात.
बसमधून उतरून तशीच काकूंकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्या चपलेचा तुटलेला पट्टा दाभणाने शिवत होत्या, उद्यापासून क्लबला यायचं म्हणून. दोरा दातांनी तोडला.
"यिऊ दे. मीच सांगते त्याला. आधी आपल्या दोघींच्या मधी गोलात उभा कर, मग बघू."
आणि तो हसलाच नाही तर, मी विचारलं.
"मग काय," त्या म्हणाल्या, "माझ्याजवळ उभा तर ऱ्हाईल."
गजर लावला आहे. लागलाय की नाही ते दोनदा उठून बघितलं.