बजेटमधला गार कॉम्प्युटर

७ जानेवारी, रविवार. दुपारी २.
रोजनिशी आजपासून. या वेळी खंड नाही.
लेक येऊन गेली. दर रविवारी दहा ते एक येते. बाकीचा आठवडा आईबरोबर मामाकडे असते. आई म्हणजे आमची ही. विश्रांतीसाठी माहेरी गेली आहे. जाऊन आता आठवा महिना. विश्रांती घ्यायची तर नीट घ्यावी, माझं काही म्हणणं नाही.
लेक चौदाची आहे, त्यामुळे कमी बोलते. आज तीन तासांत चार वाक्यं. त्यातलं एक असं की मामाचा लॅपटॉप फार तापतो, गेम मध्येच अडकतो. मी कान टवकारले. पोरीने हे सांगितलं कोणाला? एकतीस वर्षं कोल्ड स्टोरेज सांभाळलेल्या माणसाला! मेहुण्याला काय कळतंय त्यातलं.
संकल्प: तिच्यासाठी गेमिंग कॉम्प्युटर स्वतः बांधणार. बजेटमध्ये, आणि गार. मग ती शनिवारीच येईल. मग राहील. मग हीसुद्धा बघायला येईल, की पोरगी एवढी रमते कुठे.

९ जानेवारी, मंगळवार.
कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठला गेम खेळणार. मी म्हटलं, ते गौण आहे, तापमान बोला. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. असे प्रश्न त्याला कोणी विचारत नसणार.
बोर्ड, प्रोसेसर नवे घेतले. ग्राफिक्स कार्ड जुनं, कोणीतरी विकलेलं. हाताला थंड लागत होतं, म्हणजे चांगलं. कॅबिनेट मात्र पुढे जाळी असलेलंच घ्या, असा त्याने लकडा लावला. हवा खेळती राहते म्हणे. मला हसू आलं. भोकं पाडलेला डबा! आमच्याकडे दार बोटभर उघडं राहिलं तरी मी हमालाला फैलावर घेत असे. भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी होती: दार बंद ठेवा. त्याला म्हटलं, डबा माझा मी करतो. त्याने खांदे उडवले.

१२ जानेवारी, शुक्रवार.
डबा तयार. कोल्ड स्टोरेज बंद पडलं (मी त्याआधी पंधरा दिवस स्वतःहून बाहेर पडलो होतो, हे इथे नमूद करतो), तेव्हा तिथल्या भिंतीच्या पॅनेलचे तुकडे आठवण म्हणून आणले होते. चार इंच जाड फोम. आतली थंडी बाहेर जाणार नाही, बाहेरची उष्णता आत येणार नाही. दाराला रबरी पट्टी. मुंगी आत जाऊन दाखवेल तर शर्यत.

१३ जानेवारी, शनिवार. दुपारी ४.
पहिली चाचणी. दोन तासांत तापमान एक अंशानेही वाढलं नाही. अपेक्षेपेक्षा उत्तम. कॉम्प्युटर चालू झाला नाही, पण तो वेगळा मुद्दा आहे.

१४ जानेवारी, रविवार.
लेकीने डबा पाहिला. विचारलं, फ्रीज आहे का. मी सगळं समजावलं. सव्वा तास. मग तिने एक वायर काढून दुसरीकडे लावली आणि तो चालू झाला. मी तेच करणार होतो.
आठ मिनिटं खेळली. तापमान अठ्ठ्याण्णव. बंद पडला. ती मोबाइल बघत बसली.
विचार केला. दोष गेमचा आहे. सगळा गेम वाळवंटात, त्यात स्फोट. तापणार नाही तर काय! बर्फातला एखादा गेम बघ, असं सुचवलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे हिच्यावर गेले आहेत.

२१ जानेवारी, रविवार.
शिस्त आणली. तापमान-नोंदवही सुरू. रकाने: वेळ, तापमान, शेरा. दर दहा मिनिटांनी नोंद, नव्वद झाले की पाच मिनिटं विश्रांती. मशीनला आणि तिलाही. अकराव्यांदा उठवलं तेव्हा ती म्हणाली, की बाबा, खेळणारे बाकीचे थांबत नाहीत माझ्यासाठी. मी म्हटलं, मग ते तुझे मित्र कसले. तिने हेडफोन पुन्हा कानावर चढवले.
जाताना चपला घालत होती तेव्हा मला उगाचच भरून आलं. धुळीमुळे असेल. खिडक्या मी कायम बंद ठेवतो, तरी धूळ कुठून येते कळत नाही. ही नेहमी म्हणायची, या घरात जीव गुदमरतो. दम्याची सुरुवात असेल. दाखवून घ्यायला हवं होतं.

२८ जानेवारी, रविवार. दुपारी दीड.
यश! यश! यश!
औषधवाल्याकडे जेलचे बर्फपॅक आणायला गेलो होतो. वही लेकीच्या हवाली केली. रांगेत तास गेला. परत आलो तर जिन्यापर्यंत तिच्या हसण्याचा आवाज. हेडफोन लावून कोणाशी तरी बोलत, हसत खेळत होती. किती दिवसांनी ऐकलं. किल्लीचा आवाज झाल्यावर आत काहीतरी खुडबुड झाली, पण मशीन चालूच. वहीत आकडे: बासष्ट, एकसष्ट, बासष्ट. बर्फपॅकशिवाय! फोमला मुरायला दोन आठवडे लागले, एवढंच.
शेऱ्याच्या रकान्यातही तिने काहीतरी खरडलंय. ते मी वाचत नाही. एकतीस वर्षांत त्या रकान्यात कोणी कामाचं काही लिहिलं नाही.
दुकानदाराला फोन करून आकडे सांगितले. तो म्हणाला, बरं झालं. आवाजात खट्टूपणा होता.
पुढच्या रविवारी शाळेतल्या चौघींची मॅच आहे, इथूनच खेळीन, असं लेक आपण होऊन म्हणाली. इथूनच! तिच्यासाठी गादी उन्हात टाकली आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार.
उद्या धोका नको. डब्याचं दार सगळीकडून चिकटपट्टीने बंद केलं. तीन फेरे. आता पक्कं.

४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.
लेक आल्या आल्या डब्याकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, दार जरा उघडं ठेवू या का. मी तिला कोल्ड स्टोरेजमधला बटाट्यांचा प्रसंग सांगितला. एक रात्र उघडं दार आणि चार हजार पोती. तिने मान हलवली.
मी सबंध वेळ मागे उभा होतो, तिला धीर यावा म्हणून. मॅच अटीतटीची. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना अठ्ठ्याण्णव. काळा पडदा. हेडफोनमधून तिघींचा ओरडा मलाही ऐकू आला.
ती रडली नाही. रडली असती तर जवळ घेता आलं असतं. हेडफोनची वायर नीट गुंडाळून दप्तरात ठेवली. साडेअकरालाच गेली. ट्रॅफिक टाळायला.

११ फेब्रुवारी, रविवार.
लेक आली नाही. सर्दी.
पंखा बदलायचा विचार आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार.
आली नाही. प्रोजेक्ट. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, लॅपटॉपखाली त्याने दोन जाड पुस्तकं ठेवली, हवा खेळती राहते, आता तापत नाही. दोन पुस्तकं! इंजिनिअरिंग नाही, काही नाही. टिकणार नाही हे.
पंखा बदलला नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार.
हिचा फोन. लेकीचं नाव पुढच्या वर्षापासून मामाकडच्या शाळेत घालतेय. फॉर्मवर माझी सही लागेल. मी विचारलं, मग विश्रांती किती दिवस? ही म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच विश्रांती वाटत होती का.
म्हटलं, सही करतो.

२५ फेब्रुवारी, रविवार.
दहा वाजले. साडेदहा. चहा दोन कप केला, दोन्ही मीच प्यायलो.
करायला काही नव्हतं म्हणून तापमान-नोंदवही चाळली. २८ जानेवारीची बासष्टची ओळ. शेरा तिच्या बारीक अक्षरात: ‘दार उघडून ठेवलं की गार राहतो. बाबाला सांगायचं नाही. त्याला वाईट वाटेल.’
पुन्हा वाचला. पुन्हा.
चिकटपट्टी काढायला अर्धा तास लागला. दार उघडलं. कॉम्प्युटर चालू केला, तिचा वाळवंटातला गेम लावून तासभर नुसता बघत बसलो. तिचा गडी वाळूत उभा होता, मला हलवता येईना. एकसष्ट. पोरीचं खरं होतं. मग खोलीच्या खिडक्याही उघडल्या. दोन जाम झाल्या होत्या, त्या हातोडीने.
तिला फोन लावला. उचलला नाही. मग मेहुण्याला लावला, त्याने उचलला. म्हणाला, ती खेळतेय, काही निरोप आहे का. म्हटलं, नाही, सहजच.
संध्याकाळी ५. नोंद. कॉम्प्युटर बंद. तापमान २६. खोलीचंही २६.
शेरा: दार उघडं आहे.