खोऱ्यात घरोघरी असलेली गोळी

ओपल गं,

तुम्ही सगळे बरे आहात असं धरून लिहिते. मी ठणठणीत आहे. अस्वल दोनदा शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत आलं, पण आत शिरलं नाही. तेव्हा उगीच रडत बसू नको.

ऑर्विल गेल्यावर त्याचीच रायफल वापरायची असं ठरवलं होतं. पण तिची गोळी अंगठ्याएवढी जाड. एकदा झाडून पाहिली तर खांदा आठवडाभर निळा. म्हणून गावात जाऊन दुसरी रायफल आणली. तीही खालचा दांडा ओढून गोळी भरायचीच, पण थर्टी-थर्टी मापाच्या बारीक गोळीची.

दुकानातला क्लेम म्हणाला, "व्हर्ना, तुझ्या खांद्याला फॉर्टी-फोर बरी पडेल, तिचा धक्का कमी. थर्टी-थर्टी या खोऱ्यात घरोघरी आहे. बर्फात गावची वाट बंद झाली की शेजारी गोळ्या मागायला येऊन तुझं डोकं खातील."

मी म्हटलं, "तू आत्ताच खातोयस. बांध ती."

ऑर्विलची जाड गोळी इथं दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. एकवीस वर्षांच्या संसारात एकही माणूस आमच्या दारात गोळी मागायला आला नाही. तो होता तोवर मला त्याचं काही वाटलं नाही.

तुझी कंबर कशी आहे? वॉल्टर अजून तसाच घोरतो का? घोरू दे त्याला, उठवू नको.

इथं बर्फ सुरू झालंय. गोळ्यांच्या चार पेट्या आणल्यात. मला एक पुरली असती. कॉफीचा डबाही या खेपेला मोठाच घेतलाय.

पोरांना माझा पापा दे.

तुझी,
व्हर्ना