वाटीभर ओट्स आणि छत्तीसची कंबर

१ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून नाश्त्याला ओट्स. वर ताजी फळं. बाकी सगळं बंद. निर्णय पक्का.

कारणही लिहून ठेवतो, म्हणजे उद्या माझी मलाच शंका यायला नको. २१ मार्चला लेकीचं लग्न आहे. काल ती म्हणाली, बाबा, तुम्ही अख्ख्या जगाला सूट शिवलेत, माझ्या लग्नात स्वतः शिवलेला सूट घालून माझ्या शेजारी उभे राहा, मला दुसरं काही नको. मी म्हणालो, बघू. मग आत जाऊन डोळे पुसले. तीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवतोय, पण माझ्या स्वतःच्या लग्नात मी मोठ्या भावाचा कोट घातला होता. बाह्या मनगटापर्यंत पोचतच नव्हत्या. प्रत्येक फोटोत मी हात मागे लपवून उभा आहे.

आजची कंबर ४२. सूट ३६ चा. सात आठवडे, सहा इंच. आठवड्याला एक इंचसुद्धा पडत नाही. सोपं आहे.

सकाळी ७.४०
केले. पाकिटावर लिहिलंय: अर्धा कप ओट्स, एक कप दूध, पाच मिनिटं ढवळा. कोणता कप ते लिहिलेलं नाही. मी माझा चहाचा मग घेतला. अर्ध्या मगात ओट्स फारच केविलवाणे दिसत होते, म्हणून गळ्यापर्यंत भरला. शिजायला लागल्यावर ते फुगले. बायको म्हणाली, पातेलं बदला. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. मग पातेलं बदललं. तोवर दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं. ते तिने पुसलं.

कोटाच्या कॉलरला कॅनव्हास चिकटवायची खळ असते, तसा प्रकार झाला. वर एक केळं कापून टाकलं. सगळं संपवलं. अन्न वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

२ फेब्रुवारी
ओट्स उत्तम. पण साडेदहाला भूक लागते. डब्यात दोन टोस्ट होते, ते खाल्ले. ते कालचे होते, म्हणजे कालच्याच हिशेबात धरायचे.

४ फेब्रुवारी
आज सजावट. सफरचंदाच्या पातळ चकत्या कडेने, मध्ये केळं, आणि डाळिंबाचे दाणे एकेक करून सरळ रेषेत, धावदोऱ्यासारखे. एका दाण्याने रेष सोडली, ती ओळ उसवून परत घातली. अर्धा तास गेला. तोवर खालचे ओट्स असे घट्ट झाले की चमचा सोडून दिला तरी उभा राहिला. बायकोने विचारलं, हे खायचंय की काचेत लावायचंय?

धडा: आधी फळं चिरून ठेवायची, मग ओट्स शिजवायचे. हे पाकिटवाल्यांनी लिहायला हवं होतं.

८ फेब्रुवारी
कंबर ४१! पूर्ण श्वास सोडून घेतली. गिऱ्हाइकाला मी असा श्वास सोडू देत नाही. पण मी काही गिऱ्हाईक नाही.

११ फेब्रुवारी
कोपऱ्यावरची फळवाली आता मला लांबून ओळखते आणि पिशवी भरायला घेते. आज तिने आवाज खाली आणून विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? मी म्हणालो, छे, उलट तब्येत सुधारतोय. तिने मला एकदा वरून खाली पाहिलं आणि दोन केळी फुकट दिली.

१५ फेब्रुवारी
आज कापड कापलं. गडद निळं, उंची माल. माझा कारागीर एकोणीस वर्षं दुकानात आहे. हाताने सोनं, तोंडाने कुलूप. दिवसाला दहा शब्द बोलायची परवानगी असल्यासारखा वागतो आणि त्यातले आठ घरी घेऊन जातो. त्याला सांगितलं, कंबर ३६ धरतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे पाहिलं, मग विचारलं, मार्जिन?

आम्ही प्रत्येक सुटाच्या शिलाईत दोन इंच कापड आत दाबून ठेवतो. गिऱ्हाईक पुढेमागे सुटलं तर उसवून ढिलं करता येतं. मी म्हणालो, मार्जिन नाही. मार्जिन ठेवणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं. इतर लोक आजच्या मापाचे कपडे शिवतात, मी उद्याच्या मापाचा शिवतोय. आणि कात्री चालवली. तो म्हणाला, हं.

१९ फेब्रुवारी
ओट्सना स्वतःची चव नसते हे मान्य करायला हवं. आजपासून वर दोन चमचे मध. मध औषधी असतो. चार खजूर, लोहासाठी. आणि थोडा कुरकुरीतपणा हवा म्हणून बिस्किटं चुरून. बिस्किट म्हणजे तरी काय, गहूच.

एक शोध लागला: ओट्स फुगतात. जी वस्तू स्वतः फुगते ती खाणाऱ्याला बारीक कशी करणार? म्हणून ओट्स दोन चमच्यांवर आणले. फळं वाढवली. वाटीही बदलली, कारण फळं खाली पडत होती. आता जी वापरतो तिच्यात पूर्वी आम्ही पाहुण्यांसाठी सॅलड करायचो. बायको म्हणाली, याला ओट्स म्हणायचं असेल तर एकदा ओट्सना विचारून घ्या.

२४ फेब्रुवारी
सकाळी दूध नासलं. फ्रीजमध्ये व्हॅनिला आइस्क्रीम होतं. आइस्क्रीम म्हणजे मुळात दूधच, फक्त गार. एक स्कूप. तो एका बाजूला कलला होता, म्हणून तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला एक. फळं इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

१ मार्च
कंबर ३८!!

पद्धत सुधारली, त्याचा हा परिणाम. आजवर मी टेप पोटावरून फिरवत होतो. पण पोट म्हणजे कंबर नव्हे. खरी कंबर पोट संपल्यावर सुरू होते. तीस वर्षं लोकांची मापं घेतली, आणि हे आज समजतंय. शिकायला वय नसतं.

लेकीला फोन करून सांगितलं. तिने आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, वा, बाबा. भरून आलं असावं.

५ मार्च
नेहमीचा नाश्ता पुन्हा सुरू. ओट्स हा नाश्ता नसून पूरक आहार आहे, असं माझं आता स्पष्ट मत झालंय. शिवाय बायको एवढं प्रेमाने ऑम्लेट करते, तिला नाही कसं म्हणायचं? ती म्हणाली, ऑम्लेट मी माझ्यासाठी केलं होतं.

१२ मार्च. दुपारी २
सूट शिवून झाला. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घालून पाहिला.

पँट मांडीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. कोटाचं बटण एकीकडे, काज दुसरीकडे, मध्ये चार बोटांचं अंतर आणि माझा शर्ट. श्वास सोडला. सगळा सोडला. काही फरक पडला नाही.

वीस मिनिटं स्टुलावर नुसता बसून होतो. भीती वाटली. हे लिहिलेलं खोडणार नाही. लेक शेजारी उभी असेल आणि मी पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी कोटात, हात मागे लपवून. आणि आत उसवायला काही ठेवलेलंही नाही.

दुपारी २.३०
कारण सापडलं. नवं कापड कडक असतं. वाफेची प्रेस बसली की मोकळं होतं. ही साधी गोष्ट मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. कारागिराला सूट दिला आणि म्हणालो, दणदणीत प्रेस मार, चांगली वाफ जाऊ दे. तो म्हणाला, काळजी करू नका. तीन शब्द! आपणहून! मला जरा गलबलून आलं.

१३ मार्च
आजपासून खरं ओट्सव्रत. पाण्यात शिजवलेले, अर्धा कप, आणि कप म्हणजे कपच. वर फक्त चार द्राक्षं.

१४ मार्च
द्राक्षं फार बारीक निघाली. चारऐवजी एक घोस.

१६ मार्च
लग्नघरात पाहुणे. एका मावशीने केक आणलाय. त्यात सुका मेवा आहे, म्हणजे फळंच. दोन तुकडे. दुसरा तिच्या आग्रहाखातर.

१९ मार्च. सकाळी ११
बसला! सूट बसला!!

कारागिराने प्रेस करून आणून दिला. पँट सरळ वर गेली, हूक लागला, कोटाचं बटण अलगद काजात शिरलं. कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. आरशासमोर पाऊण तास उभा होतो. मी नव्हतो सांगत? प्रेसचा प्रश्न होता. आणि अर्थात ओट्स. त्यांचा परिणाम आत साठत जातो आणि एकदम बाहेर पडतो.

माझी शिलाई या सुटात जरा जास्तच देखणी उतरली आहे. काजं तर इतकी रेखीव की माझी मलाच ओळखू येईनात. मन प्रसन्न असलं की हात असाच चालतो.

२१ मार्च, रविवार. लग्न
लिहायला वेळ नाही तरी लिहितो. लेक आली, माझ्या कोटाच्या कॉलरवरून हात फिरवला आणि म्हणाली, बाबा, किती छान दिसताय. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. दोन्ही हात पुढे. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते एक ठरवलेलं मात्र पार पडलं नाही.

व्याह्यांनी विचारलं, शिवला कोणी? मी छाती काढून सांगितलं, स्वतः. व्याही अंगाने माझ्याहून निम्मे आहेत, तरी त्यांना ओट्सची कृती बारकाईने समजावून दिली. अर्धा कप ओट्स, एक कप दूध, वर ताजी फळं. मनावर ताबा असला की झालं. त्यांच्या दोन भावांनीही लिहून घेतली.

एक नवल पाहिलं. लेक गर्दीतून वाट काढत कारागिराकडे गेली, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझंच कौतुक चाललं असणार.

२३ मार्च, मंगळवार
दुकान उघडलं. काचेतल्या पुतळ्याच्या अंगावर गडद निळा सूट. माझं कापड. माझी काजं, त्यातलं तिसरं जरा तिरकं, ते माझंच. पुतळ्याला अगदी मापात बसलाय.

सूट तर घरी कपाटात टांगून आलो होतो.

कारागिराला विचारलं, हा कोणता? तो म्हणाला, तुमचा. विचारलं, मग मी घातला तो? त्याने मशीन थांबवली, मापाची वही काढली, एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि पुन्हा मशीन सुरू केली.

पानावर १ फेब्रुवारी. कंबर ४२. माझ्या जुन्या पँटवरून घेतलेलं माप. अक्षर लेकीचं. खाली तिनेच लिहिलंय: काका, बाबांना कळू देऊ नका. आणि दोन इंच जास्त धरा, ते ओट्स सुरू करतायत.

पान दोनदा वाचलं. मग टेप घेतली, श्वास न सोडता पोटावरून फिरवली.

दोन्ही इंच लागले होते.