बाबांची पळी

चि. अश्विनास, आशीर्वाद तूर्त राखून.

टेक्सासहून आलेला तुझा व्हिडिओ सिंगापुरात जेवताना पाहिला आणि ताट बाजूला सारलं. रायफलचा दस्ता स्वतः तासलास, हरणांसाठी काडतुसंही घरीच भरतोस. धनुर्वेदाचा स्वाध्याय उत्तम चालला आहे. पण बंदुकीची दारू मोजायला बाबांची संध्येची पळी? मुलाचा मान म्हणून ती तू मागून नेलीस. श्राद्ध मात्र इथे मी करते, कारण ते तुझ्या शिकारीच्या मोसमात येतं.

आमची गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मामा सो कूल, लाह."

पळी परत मागणार होते, पण आता तिच्यातून माझ्याने बाबांना पाणी सोडवणार नाही. हे पत्रही पाठवत नाही. उत्तरादाखल तू दुसरा व्हिडिओ पाठवशील. यंदाही स्टीलचा चमचाच घेईन. त्याने आजवर फक्त साखर वाढली आहे.

अजून तरी तुझी ताई,
सुलेखा