शनिवारची गाडी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
लर्निंग लायसन मिळालं. फोटोत केस नुसते पिंजारलेत. आमच्या रिवाजानं लग्नानंतर दहा वर्षं ते विगखाली झाकलेले होते, उघडे कसे ठेवायचे तेच ठाऊक नाही.

जेरुसलेमला आमच्या कट्टर ज्यू वस्तीत बाई गाडी चालवत नाही. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं सोडलं. बाबांनी लगेच सहा लेकरांचा विधुर शोधला. मी नको म्हणाले. "मग या घरात जागा नाही," बाबा म्हणाले. आईनं स्वयंपाकघरात मराठीत कुजबुजत एवढंच सांगितलं — "बारामतीला सुरैय्याकडं जा. ती काही विचारणार नाही."

पेणच्या शाळेत आई आणि सुरैय्यामावशी एका बाकावर बसायच्या. मीही तिसरीपर्यंत तिथंच होते, मग बाबांनी आम्हाला तिकडं नेलं. सुरैय्यामावशीनं खरंच काही विचारलं नाही. "जेवलीस का?" — बस्स.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मावशीचे यजमान राजमहंमदचाचा एसटीत ड्रायव्हर होते. तेच शिकवतात. "क्लच हळू सोड. म्हस न्हाय, गाडी हाय." आज पाचदा बंद पडली. मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्नवर हॉर्न. चाचा उतरले आणि त्यालाच म्हणाले, "थांबा की राव. शिकती ती."

६ मार्च, गुरुवार
पास!

चाचांचा रोजा. तरी उन्हात तीन तास उभे होते. मावशीला फोनवर सांगितलं, "आपली पोरगी पास झाली." आपली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला गेले आणि रडून घेतलं.

१० मार्च, सोमवार
नोकरी! सणसरला बनाबाईंच्या रोपवाटिकेत. मिरची-टोमॅटोची रोपं पिकअपमधून शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायची. वाटलं, बाई ड्रायव्हर म्हणून नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मालक गेल्यावर लोकं मलाबी म्हणली, बाईला जमायचं न्हाय. घे किल्ली."

१७ मार्च, सोमवार
धाकट्या भावाचा निरोप आला. बाबा जमिनीवर बसले, माझ्या नावानं सुतक पाळलं. मी मेले म्हणे. दुपारी कोऱ्हाळ्याला दोन हजार रोपं पोचवली.

२२ मार्च, शनिवार
काल बनाबाईंनी विचारलं, "उद्या डाळजला जाशील का? न्हायतर रोपं माना टाकत्याल." शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार; त्या दिवशी जन्मात दिवा लावला नव्हता, गाडी तर लांबच. मी हो म्हणाले.

सकाळी किल्ली फिरवली. भिगवण येईपर्यंत वाट बघत होते — टायर फुटेल, कुणी आडवं येईल, काहीतरी शिक्षा होईल. काही झालं नाही. डाळजच्या शेतकरीणबाईंनी ट्रे उतरवून घेतले, एकेक रोप बघितलं, म्हणाल्या, "एकबी मोडलं न्हाय की. लई जपून आणलंस."

परत येताना रिकामी गाडी. कालवा भरून चाललेला. काच खाली केली आणि आईची जुनी मराठी गाणी मोठ्यानं म्हटली — तिकडं परक्या पुरुषांच्या कानावर बाईचं गाणं पडू द्यायचं नाही! एक सायकलवाले आजोबा वळून बघत होते. बघू देत.

२९ मार्च, शनिवार
आज सुट्टी मागितली. बनाबाई म्हणाल्या, "तुमचा वार म्हणून व्हय?" म्हटलं, नाही, पाठ दुखतेय. दुपारी झोपले. उठल्यावर वाटलं, शनिवारची सुट्टी मला आवडते. पण आता ती माझी आहे. हवी तेव्हा घेईन.

३१ मार्च, सोमवार
ईद. मावशीकडं शीरखुर्मा तीन वाट्या. "तुझ्या आईला फार आवडायचा," म्हणाली आणि तिसरी वाटी भरली. मी ती चाटूनपुसून संपवली.

५ एप्रिल, शनिवार
सकाळी अनोळखी नंबर. आई. मागं कसल्यातरी गर्दीचा गलका.

"मुंबईच्या विमानतळावर उतरलेय. बारामतीला कुठली गाडी येते गं?"

आज शनिवार, आणि आई विमानात बसून आली होती. म्हटलं, "तिथंच थांब. मी येते घ्यायला."