खांदा, पेप्टाइडे आणि हसण्याची अट

निजामपुरा, बडोदे
रविवार सकाळ

ती. नलिनीताईस,

वामनचा साष्टांग नमस्कार (उजवा हात वर जात नसल्यामुळे सध्या अर्ध्यावर मान्य करून घे). तुझे गुडघे कसे आहेत? सोसायटीची लिफ्ट सुरू झाली का? इकडे सर्व क्षेम. म्हणजे मी क्षेम; मंदाकिनीची साथ सुटल्यापासून ‘सर्व’ हा शब्द मी एकटाच वापरून संपवतो.

खांद्याचे विचारले होतेस. डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला आणि माझे वय ऐकून मान हलवली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या भक्तीला गाठले. ती युनिव्हर्सिटीत मेंदूवर संशोधन करते (उंदरांच्या, माझा अजून मागितलेला नाही). तिने जिन्यातच शिकवणी घेतली. मेंदूत म्हणे पेप्टाइड नावाची बारीक रसायने असतात. काही दुखण्याची बातमी पोचवतात, काही जिवाला घोर लावतात आणि एंडॉर्फिन नावाची काही ती कळ बोथट करतात. म्हणजे आपले नातेवाईकच की! बातमी पोचवणारे आणि घोर लावणारे पुष्कळ, पाठीवरून हात फिरवणारे एखादेच. मनापासून हसले की ही शेवटची मंडळी कामाला लागतात. “मग हसा ना काका,” म्हणून ती स्कूटीवर बसून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी गॅलरीचे दार लावून हसायला बसलो. कशाला हसावे सुचेना, तेव्हा निवृत्तीच्या निरोपसमारंभातले माझेच भाषण आठवले. चांगले हसू आले, वाढत गेले, आणि दारावर थापा पडल्या. शेजारचे मयंकभाई, त्यांची बायको आणि वॉचमन पाण्याचा ग्लास घेऊन उभे. “वामनकाका, शुं थयुं? रडो छो?” मी हसत होतो हे पटवायला मी पुन्हा हसून दाखवले. ते ऐकून मयंकभाईंच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आले. दुपारी तिने कढी-खिचडी पाठवली.

भक्तीने हे ऐकून कपाळावर हात मारला. “अहो, एकट्याने नाही काका! चार माणसांत हसायचं.” (एवढी मोठी अट कोणी मागाहून सांगते का?)

तेव्हा बागेतल्या हास्यमंडळात गेलो. तिथले प्रमुख बळवंतराव, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातले निवृत्त फोरमन. माणसांना अजून शिट्टीवरच चालवतात. आधी सिंहासारखे हसायचे, मग ताक घुसळत हसायचे, मग शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. बळवंतरावांचा हात नेमका माझ्या दुखऱ्या खांद्यावर पडला. कळ मस्तकात गेली. पण ताई, असा हात कोणी ठेवून किती काळ लोटला होता, ते मला तेव्हाच कळले. मला रडू फुटले, चांगले हुंदके देऊन. मंडळाला वाटले, नवा गडी रंगात आला. टाळ्या पडल्या! बळवंतरावांना मात्र उमगले. शिट्टी दुसऱ्याकडे देऊन त्यांनी मला बाकावर नेले, हात तिथेच. खांदा ठणकत होता, तरी ‘काढा’ म्हणवेना. ते म्हणाले, “पहिल्या दिवशी मीपण असाच हसलो होतो.” मग आम्ही सेव-उसळ खाल्ली. ती इतकी जहाल होती, की दोघांच्या डोळ्यांतल्या पाण्याला सोयीचे कारण मिळाले.

आता रोज जातो. हात भरून आला, इथेच थांबतो.

तुझा धाकटा,
वामन

ता. क. खांद्यासाठी म्हणाली होतीस ते तेल पाठवू नकोस. हात भरून वगैरे काही आलेला नाही. बळवंतराव रोज व्यायाम करून घेतात, आणि खांदा जवळपास बरा आहे. श्रेय व्यायामाचे की पेप्टाइडांचे, हे भक्ती उंदरांना विचारून सांगणार आहे.

आणखी एक ता. क. हे आमच्या चिरंजीवांना, अभिजितला, कळवू नकोस. खांद्याची चौकशी करायला तो टोरांटोहून रोज फोन करतो.

शेवटचा ता. क. तूही खांदा बघायला येते म्हणाली होतीस. आता बघण्यासारखे काही उरले नाही. नुसतीच ये.