फळ न धरलेली जाळी

१२ ऑगस्ट
गावातला शेतकरी पेरन एप्रिलपासून बेपत्ता. काल त्याचा कोट एका पडक्या कोठारात सापडला. आज इन्स्पेक्टर ट्रडजियन घरी आला. माझा जुना विद्यार्थी, अजून बाईच म्हणतो. अस्तरात अडकलेला काटेरी फांदीचा तुकडा आणि दोन वाळकी पानं घेऊन आला होता. "बाई, ही रानटी ब्लॅकबेरी नेमकी कुठली, सांगता येईल?" जॉरी हसला. ब्लॅकबेरी ती ब्लॅकबेरी, कॉर्नवॉलभर माजलीय, म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढंही शिकवता आलं नाही!

१३ ऑगस्ट
दिवस भिंगाखाली गेला. बांधावरच्या नेहमीच्या जातीला पानामागे पांढरी लव असते. ही दोन्हीकडून हिरवी. फांदी गोलसर, काटे सुईसारखे, मधेमधे लाल चिकट केस. सावलीतल्या ओल्या रानातली जात. माझ्या जुन्या वह्यांत एकच जागा निघाली — कथलाच्या बंद खाणीखालचं ओकचं रान. ते माझ्या दिराचं, हेड्रेकचं. त्याचं आणि पेरनचं कुंपणावरून वाजलेलं गावाला माहीत आहे.

१५ ऑगस्ट
फक्त जॉरीला सांगून गेले. तीच जात. जाळी फळांनी काळी झालेली. पण मधोमध, खाटेएवढ्या जागेत, एकही फळ नाही. फळ धरतं ते दुसऱ्या वर्षाच्या फांदीवर. इथल्या सगळ्या यंदाच्या. म्हणजे वसंतात कुणीतरी ही जागा बुंध्यापर्यंत छाटली होती.
काठी टेकवली. मातीत सहज आत गेली.

१६ ऑगस्ट
हेड्रेक चहाला आला. केशरी बन-पावाला हात लावला नाही.
"वहिनी, माझ्या रानात काय हुडकत होतीस?"
ब्लॅकबेरी, म्हटलं.
"मिळाली?"
जॉरी खिडकीबाहेर बघत होता.

१७ ऑगस्ट
ट्रडजियनला नकाशा काढून दिला. घरी येऊन जॉरीला म्हटलं, तुझ्या भावाला मी अडकवलं. धुतलेल्या कपबश्या त्यानं पुन्हा धुवायला घेतल्या.

१९ ऑगस्ट
पेरन सापडला. हेड्रेकला घेऊन गेले.

२० ऑगस्ट
जॉरी सकाळी नवा कोट घालून निघाला. भावाला भेटायला, असं मला वाटलं. दारात थांबला. "हेड्रेकला सोडतील आता. त्यानं फक्त तोंड बंद ठेवलं, मॉर्वेना. माझ्यासाठी."